'हाफ-टिंबर्ड' घर : अर्धलाकडी की कुडाचं?

प्रश्न असा आहे : इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या घरांवरचा लेख मराठीत आणताना 'हाफ-टिंबर्ड हाउस'ला 'अर्धलाकडी घर' म्हणावं का? आणि त्यातल्या 'हॉल'ला दिवाणखाना?

'अर्धलाकडी' नको. ते वाचून खाली दगड, वर लाकूड असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या लॅव्हनम या गावी अशा घरांच्या ओळीच्या ओळी उभ्या आहेत. त्यांचा सगळा भार ओकच्या सांगाड्यावर असतो. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकतात. भिंत नुसती मधली जागा भरते. म्हणून सरळ 'लाकडी सांगाड्याचं घर' म्हणा.

मधल्या भरावाला इंग्रजीत 'वॉटल अँड डॉब' म्हणतात आणि त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : कूड. ओकच्या उभ्या काठ्या वरच्या तुळईच्या भोकांत आणि खालच्या लाकडाच्या खोबणीत बसवायच्या, त्यांतून हेझल या झुडपाच्या लवचीक फांद्या विणायच्या, मग दोन्ही बाजूंनी माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचं लिंपण. वरून चुन्याचा हात. कोकणात कारवीचा कूड ज्यानं पाहिलाय, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. 'विणलेल्या फांद्यांची मातीने लिंपलेली भिंत' अशी लांबण कशाला?

'बे' (दोन खांबांमधला भाग) हा शब्द आला तर तिथेही बिनधास्त 'खण' लिहा. वाड्यांचा विस्तार आपण खणांवरच सांगतो.

'हॉल'ला मात्र दिवाणखाना म्हणू नका. ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात 'बेलीफ' (Bayleaf) नावाचं पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर आहे. मूळचं केंटमधलं. 1960च्या दशकात तिथे जलाशय होणार म्हणून ते उतरवलं आणि पुढे इकडे पुन्हा उभारलं. त्याचा हॉल दोन खणांचा. वर माळा नाही, थेट छपरापर्यंत मोकळा. जमिनीवर मधोमध चूल, धुराडं नाही, खिडक्यांना काच नाही. धूर वर चढून छपरातून वाट काढायचा. जुन्या घराच्या वाशांवर धुराची काजळी सापडली की जाणकार ओळखतात, इथे कधीकाळी असा उघडा हॉल होता. पुढे, विशेषतः सोळाव्या शतकात, धुराडी आली आणि हॉलवर मजले चढले. रांधणं, जेवणं, बसणं-उठणं जिथे चालतं ती जागा माझ्या मते माजघराच्या जवळ जाते. पहिल्यांदा 'छपरापर्यंत मोकळं माजघर' लिहावं, पुढे 'हॉल' चालेल.

'जेटी' म्हणजे सज्जा नव्हे. खालच्या भिंतीबाहेर आलेल्या तुळयांच्या टोकांवर वरच्या मजल्याची भिंतच उभी असते, म्हणून 'पुढे काढलेला मजला' म्हणा. आणि 'काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं घर' हा पर्याय टाळा. लाकूड काळं रंगवण्याची चाल बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली आहे. लॅव्हनमचा ओक आजही कुठे राखाडी, कुठे चुन्याने पांढरा दिसतो.