गावात जातीवरून हाक मारली तर एवढं काय बिघडतं? की हा उगाच बाऊ आहे?

बिघडतं. 'सगळेच म्हणतात, मनात काही नसतं' हे बीड-परभणीकडं पारावर नेहमी ऐकू येतं. पण तसली हाक पाटलाच्या वाड्यासमोर कुणी मारत नाही, बघा.

१९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला इतर समाजातल्या कुणी चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर गुन्हा होतो. चार भिंतींआड, बाहेरचं कुणी नसताना, हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. गुन्हा नसला तरी अपमान उरतोच.

आणि 'नावात काय आहे' हे तर मराठवाड्यात म्हणूच नका. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्यावरून १९७८ मध्ये इथं दलितांची घरं जाळली गेली. नामविस्ताराला १९९४ उजाडलं.

दोस्तीतली थट्टा म्हणता? चालते का ते त्यालाच विचारा, पण एकट्यात.