बंदी पक्षावर होती, माणसांवर नव्हती

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीच्या आघाडीवर लढले होते. १९४५ मध्ये तिथला फॅसिझम संपला, असेच आम्ही घरात ऐकत आलो. मग १९६९ ते १९८० या काळात त्याच इटलीत फॅसिस्टांनी बॉम्बस्फोट घडवले, ते कसे? त्यांच्यावर बंदी नव्हती का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बंदी होती, आणि तीही थेट राज्यघटनेत. १ जानेवारी १९४८ पासून लागू झालेल्या इटलीच्या घटनेने फॅसिस्ट पक्षाची कोणत्याही रूपात पुनर्स्थापना करण्यास मनाई केली. पण तोवर बराच उशीर झाला होता. आपल्या आजोबांच्याच रेजिमेंटमधल्या नामदेव जाधव यांना ज्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्यांनी सेनियो नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी गाजवला आणि त्याच महिन्यात मुसोलिनी मारला गेला. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच २६ डिसेंबर १९४६ रोजी ‘इटालियन सामाजिक चळवळ’ हा पक्ष उभा राहिला. त्याचे संस्थापक मुसोलिनीच्या अखेरच्या, जर्मनांच्या आधाराने उत्तर इटलीत चाललेल्या सालो राजवटीतलेच लोक होते. पुढे दीर्घकाळ पक्षाची धुरा वाहणारे जॉर्जो अल्मिरान्ते त्या राजवटीच्या प्रचार खात्यात अधिकारी होते. १९४६ च्या जूनमध्ये सरकारने दिलेल्या सार्वत्रिक माफीमुळे अशा हजारो लोकांची सुटका झाली होती, आणि ही माफी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते न्यायमंत्री पाल्मिरो तोल्याती स्वतः कम्युनिस्ट पक्षाचे नेते होते. ‘नाकारायचे नाही, परत आणायचेही नाही’ हे नव्या पक्षाचे घोषवाक्य होते. त्यातल्या उत्तरार्धाच्या आधारे पक्ष कायद्याच्या चौकटीत राहिला आणि १९४८ च्या निवडणुकीत संसदेतही पोहोचला.

निवडणुकीचा हा मार्ग काहींना मिळमिळीत वाटला. पिनो राउती यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये एक गट बाहेर पडला आणि त्याने ‘ओर्दिने नुओवो’, म्हणजे ‘नवी व्यवस्था’, हे नाव घेतले. लोकशाही ही मुळातच सडलेली गोष्ट आहे, अशी या मंडळींची धारणा होती आणि हिटलरच्या एस.एस. दलाविषयी त्यांना उघड आदर होता. १९६९ मध्ये राउती स्वतः जुन्या पक्षात परतले; जे परतले नाहीत त्यांनी संघटना पुढे चालवली.

१२ डिसेंबर १९६९ हा शुक्रवार होता. मिलानमधल्या पियाझ्झा फोंताना चौकातील कृषी बँक शुक्रवारच्या बाजारासाठी उशिरापर्यंत उघडी असे, कारण आसपासच्या गावांतले शेतकरी आणि व्यापारी त्या दिवशी सौदे करून तिथेच पैशांचा व्यवहार उरकत. दुपारी ४.३७ वाजता त्या गर्दीत बॉम्ब फुटला. १७ माणसे दगावली. पोलिसांनी ताबडतोब डाव्या विचारांच्या अराजकवाद्यांना पकडले. त्यांच्यापैकी जुझेप्पे पिनेल्ली हा रेल्वे कामगार तीन दिवसांनी चौकशीदरम्यान पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडून मरण पावला. त्याचा या स्फोटाशी काहीही संबंध नव्हता.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला इथे दिसते. स्फोट करायचा, संशय डाव्यांवर जाऊ द्यायचा आणि घाबरलेल्या जनतेने स्वतःहून कठोर राजवटीची मागणी करावी अशी वाट पाहायची, या पद्धतीला इटलीत ‘तणावाची रणनीती’ म्हणतात. ती इतकी वर्षे चालली, कारण गुप्तचर खात्यातल्या काही अधिकाऱ्यांनीच तपासाची दिशा बदलली. संशयितांना देशाबाहेर पळून जाण्यास मदत केल्याबद्दल अशा अधिकाऱ्यांना पुढे शिक्षाही झाली. खटला मिलानहून पार दक्षिणेकडच्या कातांझारोला हलवण्यात आला, त्यामुळे मृतांच्या नातेवाइकांना सुनावणीसाठी अख्खा देश पालथा घालावा लागे. माझ्या मते हा अन्याय स्फोटाइतकाच मोठा होता.

नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायालयाने ‘ओर्दिने नुओवो’च्या ३० जणांना फॅसिस्ट पक्षाच्या पुनर्स्थापनेबद्दल दोषी ठरवले आणि लगोलग सरकारने संघटना विसर्जित केली. तरी २८ मे १९७४ रोजी ब्रेशा शहरात, फॅसिझमविरोधी सभा चालू असताना, कचऱ्याच्या डब्यातला बॉम्ब फुटून ८ जणांचा बळी गेला. १९७३ च्या त्या खटल्यातले सरकारी वकील व्हित्तोरिओ ओक्कोर्सिओ यांना १० जुलै १९७६ रोजी रोममध्ये गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी ‘ओर्दिने नुओवो’चाच होता.

२ ऑगस्ट १९८० रोजी बोलोन्या स्थानकाच्या प्रतीक्षालयातल्या स्फोटात ८५ जण मरण पावले. रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या, तेव्हा ३७ क्रमांकाच्या शहर बसच्या खिडक्यांना पांढऱ्या चादरी लावून तिच्यातून दिवसभर मृतदेह नेले गेले. हा स्फोट नव्या पिढीच्या, ‘सशस्त्र क्रांतिकारी गट’ म्हणवणाऱ्या टोळीचा होता, आणि त्यातल्या दोघांची जन्मठेप १९९५ मध्ये कायम झाली. ब्रेशाच्या गुन्हेगारांची शिक्षा कायम व्हायला २०१७ साल उजाडले, म्हणजे घटनेनंतर ४३ वर्षे गेली. पियाझ्झा फोंतानाबाबत २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ‘ओर्दिने नुओवो’च्या पादुआ शहरातल्या गटाचे म्होरके फ्रांको फ्रेदा आणि जोव्हान्नी व्हेंतुरा यांची जबाबदारी पुराव्यांवरून दिसते, परंतु १९८७ मध्ये ते अंतिमतः निर्दोष सुटलेले असल्याने त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येणार नाही. बँकेतल्या त्या १७ जणांच्या मृत्यूसाठी शिक्षा भोगणारा बॉम्बस्फोटाचा गुन्हेगार आजवर एकही नाही.