माझं वय २६ आहे. तरुणांमध्ये थायरॉइडचा कॅन्सर आक्रमक होऊ शकतो का?

होऊ शकतो. 'वय लहान आहे, काही होत नाही' हे वाक्य आमच्या घरात सव्वा वर्ष चाललं, म्हणून लिहितेय.

धाकट्या बहिणीच्या गळ्याला सुपारीएवढी गाठ होती. वय २४, ऐरोलीत नोकरी. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल आला आणि मामा म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे, आता गळ्यावर चीर कशाला? पोरीचं लग्न व्हायचंय." आमच्याकडे मामांचा शब्द शेवटचा. अहो, ग्रंथीचं काम नीट चाललंय का, एवढंच टीएसएच सांगतो. गाठ कसली आहे ते त्यातून कळत नाही; कॅन्सर असणाऱ्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मलच असतो. मला हे तेव्हा माहीत असतं तर भरल्या ताटावरून उठून भांडले असते.

पुढे ठाण्यात मैत्रिणीच्या हळदीला गळ्यातलं घालताना बहिणीच्याच हाताला कॉलरबोनच्या वर आणखी दोन गाठी लागल्या. सोनोग्राफी, मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी. निघाला पॅपिलरी, थायरॉइडचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर. पूर्ण ग्रंथी काढली, मानेतले लिम्फ नोड्सही (छोट्या लसीका गाठी). दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, कॅल्शियम उतरलं होतं. मग रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा डोस. त्याआधी साधं आयोडीनवालं मीठ बंद, आई सैंधव घालून तिची भाजी वेगळी करायची. डोसनंतर किरणोत्सारामुळे हॉस्पिटलच्या खोलीत ती एकटी, आम्ही फोनवर.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर तरुणांत पॅपिलरी मानेच्या नोड्समध्ये जास्त पसरतो, कधी फुफ्फुसातही. तरीही ५५ च्या आतल्या माणसाला तो लांब पसरला तरी स्टेज २ च्या पुढे धरत नाहीत, कारण या वयात माणूस बहुधा वाचतो. पॅपिलरीचे टॉल सेल, डिफ्यूज स्क्लेरोझिंग हे प्रकार जास्त त्रासदायक. ऑपरेशननंतर काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीच्या रिपोर्टवर प्रकार लिहिलेला असतो, तो विचारून घ्या.

मामा अजून म्हणतात, "निभावलं ना शेवटी?" निभावलं, पण नोड्सपर्यंत जायच्या आत काढलं असतं तर चीर कानाखालपर्यंत गेली नसती. आणि लग्न त्या चिरेसकट ठरलं, ओढणी न घेता.

हां, बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, आणि अगदी बारीक पॅपिलरीवर काही वेळा डॉक्टर नुसतं लक्षही ठेवतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, मामांनी नाही. तुमच्या हातात आत्ता जो रिपोर्ट आहे तो एफएनएसीचा आहे की नुसता टीएसएचचा?