बोकडाची चरबी: मका, पाला आणि खुराकाविषयी आलेल्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

शेळीपालकांच्या पत्रांपैकी चार पत्रे यावेळी एकत्र घेतो, कारण चौघांनाही चरबीचेच कोडे पडले आहे. राजापूर तालुक्यातले एक दादा विचारतात, "बकरी ईदेआधी दोन महिने बोकडांना पोटभर मका दिला तर मांसात चरबी चांगली धरते का? परदेशात गुरांना असंच करतात असं व्हिडिओत पाहिलं." कुडाळच्या ताईंचे पुण्याचे गिऱ्हाईक "ग्रास-फेड" (म्हणजे गवतावर वाढवलेले) आणि ओमेगा-3 हे आरोग्याला चांगले मानलेले स्निग्धाम्ल असलेले मटण मागते, तसे पाकिटावर छापावे का, असे त्या विचारतात. अलिबागकडच्या काकांनी खुराकात, म्हणजे दाणा-पेंडीच्या मिश्रणात, सुकट आणि खोबऱ्याची पेंड घातली, तर खाटकाने मांसाला वास येतो म्हणून भाव पाडला. दापोलीजवळच्या एका दादांच्या बोकडाची चरबी कापल्यावर पिवळी निघाली. हिरव्या चाऱ्याने तसे झाले का, असा त्यांचा प्रश्न आहे.

दापोलीच्या दादांचा प्रश्न आधी, कारण तो तातडीचा आहे. दादा, बोकडाची चरबी चाऱ्याने पिवळी होत नाही. तुम्हाला चाऱ्याची शंका का आली ते समजते. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चरणाऱ्या गाईचे तूप पिवळेधमक निघते आणि त्याच गोठ्यातल्या म्हशीचे पांढरे, हे आपण घरोघरी पाहतो. हिरव्या पानात कॅरोटीन असते. गाईच्या शरीरात त्यातले बरेच तसेच चरबीत आणि दुधात उतरते. म्हैस आणि शेळी मात्र कॅरोटीनचे 'अ' जीवनसत्त्व करून टाकतात, म्हणून त्यांची चरबी पांढरीच राहते. बोकडाची चरबी पिवळी दिसली तर पहिला संशय काविळीचा घ्यायचा. काविळीमागे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग असू शकतो, गोचिडांमुळे होणारा ताप असू शकतो, ओहोळाकाठच्या गवतातून गेलेले यकृतातले चपटे कृमी असू शकतात. असे मांस विकू नका आणि घरातही शिजवू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, डॉक्टर सांगतील तशीच विल्हेवाट लावा. कापणाऱ्याच्या हाताला जखम असेल तर त्यालाही सांगा, लेप्टो माणसाला होतो हे कोकणात वेगळे सांगायला नको. कळपातल्या बाकीच्या जनावरांची खालची पापणी खाली ओढून पाहा. आतला भाग गुलाबी असायला हवा. पिवळट किंवा पांढराफटक असेल, किंवा लघवी लाल-तपकिरी होत असेल, तर थांबू नका.

आता राजापूरच्या दादांचा मका. त्यांनी पाहिलेला व्हिडिओ गोमांसाच्या धंद्याचा आहे. अमेरिकेत गुरे आधी कुरणावर वाढवतात आणि शेवटचे चार ते सहा महिने मोठ्या वाड्यांत बांधून मुख्यतः मक्यावर पोसतात. अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत पूर्वापार कुरणावरच तयार केलेले जनावर विकायची रीत होती. जपानच्या वाग्यू जातीला त्याहून लांब काळ धान्य देतात. आपल्या राज्यात 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, तेव्हा तो धंदा इथे नाही. पण चरबीवरचे बरेचसे संशोधन त्याच गुरांवर झालेले आहे आणि त्यातला रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा भाग शेळीलाही लागू पडतो. म्हणून तो समजून घेऊ.

हिरव्या पानात स्निग्धांश थोडाच असतो, पण त्यातला निम्मा किंवा अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-3 गटातला. मक्याच्या दाण्यात लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-6 जास्त. डुकराने किंवा कोंबडीने जे तेल खाल्ले तेच बऱ्याच अंशी त्यांच्या चरबीत दिसते. रवंथ करणाऱ्या जनावराचे तसे नाही. त्याचे पहिले पोट हे आंबवणाचे पिंप आहे. तिथले जिवाणू ही पातळ तेले हायड्रोजन जोडून जोडून घट्ट करतात आणि शेवटी स्टिअरिक आम्ल तयार होते. मटणाचा रस्सा थंड झाला की वर जो पांढरा थर गोठतो आणि गार घास टाळूला चिकटतो, त्याला मुख्य कारण हेच स्टिअरिक. मात्र सगळेच तेल शेवटपर्यंत जात नाही. थोडे ओमेगा-3 तसेच निसटते, थोडे अर्ध्या वाटेवर व्हॅक्सेनिक आम्ल म्हणून बाहेर पडते आणि त्यापासून जनावराच्या शरीरात सीएलए नावाचे आम्ल बनते. कुरणावरच्या जनावरात ही दोन्ही जास्त सापडतात.

परदेशी गोमांसाच्या तपासण्यांत कुरणावरच्या जनावरात ओमेगा-6 आणि ओमेगा-3 यांचे प्रमाण साधारण दोनास एकच्या आसपास येते, मक्यावरच्यात सात-आठास एक किंवा त्याहून जास्त. मक्यावरच्या मांसात चरबी एकूणच अधिक असते आणि तिच्यात ओलेइक आम्ल, म्हणजे ऑलिव्ह आणि शेंगदाणा तेलात असते ते, जास्त भरते. म्हणून ती जिभेवर लवकर विरघळते. कुरणावरचे मांस कमी चरबीचे, पण त्या थोड्या चरबीत स्टिअरिकचा वाटा मोठा. संपृक्त चरबी म्हणून स्टिअरिकला सरसकट दोष देतात, पण रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवण्यात त्याचा हात नगण्य आहे, तो पामिटिक आणि मिरिस्टिक या दुसऱ्या संपृक्त आम्लांचा. हिरव्या चाऱ्यातून 'ई' जीवनसत्त्वही येते आणि त्याने मांसाचा लाल रंग जास्त वेळ टिकतो. हे सगळे बदल आठवड्यात होत नाहीत, त्यांना महिने लागतात.

दादा, इथपर्यंतचे शेळीलाही लागू आहे. यापुढे शेळीची वाट वेगळी होते आणि तुमचा पैसा तिथेच अडकतो. वाग्यूसारख्या गुरात धान्याची चरबी मांसाच्या धाग्यांमध्ये जाळीसारखी पसरते. बोकड ती आधी पोटात साठवतो: आतड्यावरच्या पडद्यावर आणि गुर्द्यांभोवती. खाटकाकडे उभे राहून एकदा मक्यावर फुगवलेला बोकड उघडताना पाहा. पोटातून पांढऱ्या चरबीचे गोळेच्या गोळे निघतात आणि मांडीचे मांस कोरडेच दिसते. ती चरबी मटणाच्या भावाने जात नाही. तुम्ही म्हणाल, मी जिवंत वजनावर विकतो, मला काय त्याचे? तर हिशेब असा: मांसात तीन-चतुर्थांश पाणी असते, चरबीत फारच थोडे. म्हणून एक किलो चरबी चढवायला एक किलो मांसापेक्षा कितीतरी जास्त दाणा लागतो. बोकड जसजसा पोटात चरबी धरू लागतो, तसतसा किलोमागे तुमचा खर्च चढत जातो. शिवाय यंदा ज्याच्या सुरीखाली ते गोळे निघाले, तो पुढच्या वर्षी भाव करताना बोकडाचे पोट चाचपून पाहतो.

नुसत्या मक्याचे दुसरे दुखणे चरबीच्या पोताचे. दाणा फार झाला की पोटात प्रोपिऑनिक आम्ल गरजेपेक्षा जास्त तयार होते. यकृताला ते निभावत नाही, त्यापासून फाटे फुटलेली वेगळीच स्निग्धाम्ले बनतात आणि चरबी मऊ, तेलकट, हाताला चिकट होते. बोकडाचा उग्र वासही अशाच एका फाटेदार आम्लाचा. लहान वयात खच्ची केलेल्या बोकडात तो बराच कमी असतो, पण कुर्बानीच्या किंवा देवाच्या बोकडाबाबत गिऱ्हाईक काय मागते ते आधी विचारून मगच खच्चीकरण करा.

मग द्यायचे काय? पाला हा पाया आणि खुराक त्याला जोड. पंचवीस किलोच्या बोकडाला रोज दोन ते तीन किलो हिरवा पाला, अर्धा किलोच्या आसपास सुका चारा आणि अडीचशे ग्रॅम खुराक पुरतो. खुराकाच्या शंभर किलोत मक्याचा भरडा 35, शेंगदाणा पेंड 20, कोंडा 27, तूरचुनी (तूरडाळीचा चुरा) 15, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो घ्या. सुरुवात पन्नास ग्रॅमने करून दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा आणि रोजचा वाटा सकाळ-संध्याकाळ विभागा. एकदम दाणा ओतला की पोट आंबते, बोकड रवंथ सोडतो, पातळ हगतो आणि कधी रात्रीत दगावतो. आंत्रविषाराची (ईटी) लसही खुराक सुरू करण्याआधी झालेली हवी. पहिल्यांदाच टोचणार असाल तर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, म्हणजे तयारी महिनाभर आधीपासून करायची.

कोंड्याबद्दल एक इशारा. भाताचा कोंडा आपल्याकडे गिरणीवर स्वस्त मिळतो म्हणून काही जण सत्तावीस किलोच्या जागी पन्नास घालतात. त्यात स्फुरद फार असते आणि बोकडाच्या, विशेषतः खच्ची बोकडाच्या, मूत्रमार्गात खडे धरतात. खनिज मिश्रणातला कॅल्शियम, मीठ आणि भरपूर पाणी ही त्यावरची काळजी. बोकड शेपटी हलवत कण्हतो, लघवीला उभा राहतो आणि थेंबच पडतात, असे दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. दुसऱ्या दिवशी बहुधा उशीर झालेला असतो.

पाल्याचा खरा प्रश्न महिन्यांचा आहे. सड्यावरचे गवत दिवाळीनंतर वाळायला लागते. पिकलेल्या, वाळलेल्या गवतात ना कॅरोटीन उरते ना लिनोलेनिक. 2025 साली बकरी ईद 7 जूनला होती आणि ती दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. म्हणजे बोकड तयार करायचे महिने नेमके मार्च, एप्रिल, मे, जेव्हा कातळावर हिरवी काडी नसते. अशा वेळी झाडाचा पालाच उपयोगी. फणस, उंबर, बोर, शेवरी, सुबाभूळ यांची डहाळी बांधून टांगा, बोकड मान वर करून खातो आणि शेण-मुतात तुडवत नाही. यातल्या फणस-बोरीसारख्या पाल्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य पोटातल्या जिवाणूंचे तेल घट्ट करण्याचे काम काहीसे मंद करते, तेही आपल्या फायद्याचे. सुबाभूळ मात्र एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. विहिरीला पाणी असेल तर बांधावर शेवरीची एक ओळ लावून ठेवा. बकरी ईद पुढे थंडीत सरकेल तेव्हाही ती कामाला येईल.

दर पंधरा दिवसांनी बोकडाचे वजन करा आणि हाताने कंबर चाचपा. मणक्याची टोके बोटांना लागतात पण टोचत नाहीत, हा विकायचा योग्य टप्पा. टोके सापडतच नसतील तर पोटात चरबी केव्हाच साठली, आणखी दाणा घालून काही मिळणार नाही.

अलिबागच्या काकांना थोडक्यात. सुकट बंद करा. माशाच्या तेलाचा वास चरबीत मुरतो आणि जायला काही आठवडे घेतो. खारवलेल्या मासळीतले मीठ बोकडाला घातक ठरू शकते ते वेगळेच. खोबऱ्याच्या पेंडीला माझी हरकत नाही, पण ती खुराकाच्या दहा टक्क्यांपर्यंतच ठेवा. तेलाच्या घाण्यावरच्या पेंडीत तेल बरेच राहते. खोबरेलातली लॉरिक आणि मिरिस्टिक ही आम्ले आधीच संपृक्त असल्याने जिवाणूंना त्यात बदल करायला काही नसते, ती थेट पुढे जातात आणि चरबी आणखी कडक होते. आहारात तेल फार झाले तर चाऱ्याचे पचनही बिघडते. पेंड खवट लागली किंवा तिच्यावर बुरशी दिसली तर ती उन्हात वाळवूनही देऊ नका, फेकून द्या. आपल्या दमट हवेत पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलेली पेंड फार टिकत नाही, लागेल तेवढीच आणा.

कुडाळच्या ताई, तुमच्या पाकिटावर "ओमेगा-3 युक्त" छापू नका. पाल्यावरच्या मटणात ते मक्यावरच्यापेक्षा जास्त असते हे खरे, पण ते जास्त म्हणजेही फार थोडेच. तुमच्या किनाऱ्यावरच्या तारलीत आणि बांगड्यात तेच कित्येक पटींनी असते. पुण्याच्या गिऱ्हाइकाने ओमेगा-3 साठी मासळी खावी, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. "ग्रास-फेड" हा शब्दही टाळा, कारण तुमची जनावरे उन्हाळ्यात पाल्यावर आणि खुराकावर असतात. त्याऐवजी जे खरे आहे ते लिहा: जात कोकण कन्याळ, सड्यावर चराई, उन्हाळ्यात झाडपाला, दोन वेळचा मोजका खुराक, सुकट नाही, जंताच्या औषधानंतर कापण्याआधी थांबायचे लेबलवर दिलेले दिवस पाळलेले. कन्याळचे तोंडावरचे दोन पांढरे पट्टे दाखवणारा फोटोही घाला, ही आपल्या सिंधुदुर्गाची नोंदणीकृत जात आहे आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केले आहे. कापून, पाकीटबंद करून विकणार असाल तर आधी एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करा आणि कत्तल परवानगी असलेल्या जागीच करून घ्या. कापण्याआधी बारा तास चारा बंद, पाणी मात्र सुरू ठेवा.