एकाच कॉम्प्युटरवर बाबांच्या लॉगिनमधली उधारी माझ्या लॉगिनमध्ये दिसत नाही. बिलिंगचा डेटा कुठे ठेवावा?

आधी एक विनंती. त्या कॉम्प्युटरवर आजपासून नवीन बिल करू नका. दोन दिवस कागदी बिलबुकावर काढा. तुम्ही लिहिलंय त्यावरून डेटा गेलेला नाही, पण त्याच्या तीन प्रती झाल्यात, आणि प्रत्येक बिलागणिक त्यांच्यातला फरक वाढतोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दादरच्या दुकानातलं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर महिन्यापूर्वी नवीन विंडोज ११ वर टाकलं. बाबांनी मांडलेली उधारी तुम्हाला दिसत नाही, तुमची त्यांना दिसत नाही, आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं की पहिल्या दिवशीचाच हिशेब उघडतो. सॉफ्टवेअर जिथे बसतं त्या प्रोग्राम फाइल्स फोल्डरवर सगळ्यांना फुल कंट्रोल, म्हणजे काहीही बदलायची मुभा, द्यावं का, असं विचारलंय. नका देऊ.

जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात दुकानोदुकानी सगळे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसायचे, त्यामुळे सॉफ्टवेअरने स्वतःच्याच फोल्डरात डेटा लिहिला तरी खपून जायचं. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि प्रोग्राम फाइल्सवर पहारा बसला. तिथे सॉफ्टवेअर टाकायचं-काढायचं ते ॲडमिनने, रोजच्या कामात तिथे कोणी लिहायचं नाही. हा पहारा हवाच. तिथली फाइल कोणी बिघडवली, तर ते सॉफ्टवेअर उघडणारा प्रत्येक जण अडकतो.

पण जुनी सॉफ्टवेअर एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक पळवाट ठेवली. जुनं ३२-बिट सॉफ्टवेअर तिथे लिहायला गेलं की विंडोज अडवत नाही. त्या फाइलीची प्रत त्या-त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात काढतं आणि पुढचं सगळं त्या प्रतीत लिहितं. बाबांची प्रत वेगळी, तुमची वेगळी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की पळवाट बंद होते आणि प्रोग्राम फाइल्समधली मूळ फाइल उघडते, म्हणून तो जुना हिशेब. खात्री करायची असेल तर सॉफ्टवेअर चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा कॉलम लावा. तिथे 'एनेबल्ड' दिसलं तर दुखणं हेच. (६४-बिट सॉफ्टवेअरला ही सवलत नाही, ते सरळ 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून थांबतं.)

आता दुरुस्ती. दोन्ही लॉगिनमध्ये सॉफ्टवेअर बंद करा. सी ड्राइव्हवर युजर्स, मग त्या लॉगिनचं फोल्डर, मग ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असं आत जा. ॲपडेटा लपवलेलं असतं, 'हिडन आयटम्स' चालू केल्यावर दिसेल. तुमची, बाबांची आणि प्रोग्राम फाइल्समधली अशा तिन्ही प्रती पेन ड्राइव्हवर वेगवेगळ्या नावाच्या फोल्डरांत घ्या. हे झाल्याशिवाय पुढे काही करू नका.

मग डी ड्राइव्हवर 'दुकान डेटा' असं फोल्डर करा. दोघांच्या लॉगिनला त्यावर 'मॉडिफाय' परवानगी आहे ना, ते प्रॉपर्टीजच्या सिक्युरिटीमध्ये बघा. तेवढी पुरते. ज्या प्रतीत जास्त नोंदी असतील ती तिथे कॉपी करा. कट-पेस्ट नको, मूळ प्रत जागेवर राहू द्या. प्रोग्रामडेटा नावाचं फोल्डर यासाठीच असतं असं कोणी सांगेल. ते खरं आहे, पण तिथे एका युजरने बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही. परवानगी वेगळी द्यावी लागते, नाहीतर परत तेच रडगाणं.

पुढच्या पायरीला बरेच जण फसतात, मीही फसले होते. डेटाचा पत्ता सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बदलतो, पण ते सेटिंगसुद्धा बहुतेक वेळा प्रोग्राम फाइल्समधल्याच एखाद्या आयएनआय फाइलीत (सेटिंग लिहून ठेवणारी साधी फाइल) असतं, म्हणजे तेही व्हर्च्युअलस्टोअरमध्ये जातं! मग तुमच्याकडे नवीन पत्ता, बाबांकडे जुनाच. म्हणून आधी दोघांच्याही व्हर्च्युअलस्टोअरमधल्या त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरचं नाव बदला, मग एकदाच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पत्ता बदला. त्यानंतर साध्या पद्धतीने उघडा. पत्ता बदलायची सोयच नसेल, तर सॉफ्टवेअर काढून प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवरच वेगळ्या फोल्डरात टाका. ही दुय्यम वाट आहे, कारण मग प्रोग्रामच्या फाइलींनाही संरक्षण राहत नाही.

मी परळ-लालबागच्या लहान दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी हिंदमाताजवळच्या एका दुकानात सीपीयू जमिनीवर होता, तो पाण्याखाली गेला. मालक रोज रात्री डी ड्राइव्ह सीडीवर घ्यायचे, न चुकता. त्या सीडीवर पत्रं होती, फोटो होते, हिशेब नव्हता. तो सॉफ्टवेअरसोबत प्रोग्राम फाइल्समध्ये होता. गिऱ्हाइकांना विचारून विचारून त्यांनी उधारी परत लिहिली. तेव्हापासून कुठलंही नवीन सॉफ्टवेअर टाकताना डेटा कुठे जातो हे मी आधी विचारते. सॉफ्टवेअर परत मिळतं, पैसे टाकले की झालं. वही एकच असते.

डी ड्राइव्ह बऱ्याचदा त्याच डिस्कचा दुसरा भाग असतो, तेव्हा तिथे ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. रोज दुकान बंद करताना सॉफ्टवेअर बंद करून ते एक फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह घरी न्या. चालू डेटा वनड्राइव्हच्या (इंटरनेटवर आपोआप प्रत ठेवणाऱ्या) फोल्डरात ठेवू नका. उघडी फाइल सिंक होताना पुन्हा दोन प्रती व्हायची भीती असते.

राहिल्या दुसऱ्या प्रतीतल्या नोंदी. त्या फाइलीवर फाइल टाकून एकत्र होत नाहीत, एकेक बिल हातानेच चढवावं लागेल. तेव्हा बाबांना शेजारी घेऊन बसा. कोणी पैसे देऊन टाकलेत आणि कोणाचे बाकी आहेत, हे त्यांना तोंडपाठ असेल.