मूत्राशयाच्या गाठीत ‘एफजीएफआर-३’ बदल आढळला, म्हणजे कर्करोग पसरणार का?

आपल्या वडिलांच्या मूत्राशयातील गाठ दुर्बिणीतून काढली, ती वरच्या थरापुरती आणि कमी श्रेणीची, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या पेशींची, निघाली, पण अहवालात ‘एफजीएफआर-३’ या वाढीच्या जनुकात बदल असल्याचे आले, तेव्हा आजार झपाट्याने पसरेल का, असे आपण परभणीहून विचारले आहे. मी छत्रपती संभाजीनगरात विकृतिशास्त्र शिकवतो. केवळ या बदलामुळे तसे समजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एफजीएफआर-३ हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावरील एक ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारे प्रथिन, घडवते. अशा ग्राहीला वाढ घटक, म्हणजे वाढीचा संदेश देणारा पदार्थ, चिकटला, की दोन ग्राही जोडीने एकत्र येतात आणि रॅस, मॅप कायनेज या संदेशवाहक प्रथिनांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत विभाजनाचा आदेश पोहोचतो. मूत्राशयात सर्वाधिक आढळणाऱ्या बदलात या प्रथिनातील २४९व्या स्थानी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन हे दुसरे अमिनो आम्ल येते, त्यामुळे ग्राही वाढ घटकाविनाच एकमेकांना जखडतात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा, तसा आदेश चालूच राहतो. तरीही हा बदल मुख्यतः वरवरच्या गाठींत दिसतो. त्या वारंवार उगवतात, पण मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायूत क्वचित घुसतात. घुसणाऱ्या गाठींत बहुधा टीपी५३ आणि आरबी१ ही विभाजनाला आवर घालणारी जनुके निकामी झालेली असतात.

लघवीत ईजीएफ हा वेगळ्या ग्राहीला चिकटणारा वाढ घटक मुळातच भरपूर असतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निरोगी अस्तरात त्याचे ग्राही तळच्या थरात असल्याने लघवीशी त्यांचा संबंध येत नाही. कर्करोगात मात्र ते पृष्ठभागापर्यंत पसरलेले आढळतात, आणि गाठ त्या घटकाच्या सतत संपर्कात राहते.

एफजीएफआर-३ मधील बदलावरील अर्डाफिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, पण ती पुढे पसरलेल्या आजारासाठी; तिने रक्तातील फॉस्फेट वाढते आणि डोळ्याच्या पडद्यालाही त्रास होऊ शकतो. वडिलांना आज तिची गरज नाही.

डॉक्टरांना एवढे अवश्य विचारा, की काढलेल्या नमुन्यात स्नायूचा तुकडा होता का, कारण तो नसेल तर गाठ खोलवर गेली नाही हे खात्रीने सांगता येत नाही. तीन महिन्यांनी होणारी दुर्बीण तपासणी, लघवीत रक्त दिसत नसले तरी, टाळू नये. वडील विडी ओढत असतील तर ती आजच बंद करावी. या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण धूम्रपानच आहे.