वहिनी, पोरीच्या पहिल्या शूटिंगआधी एवढंच बघा

वहिनी, अभिनंदन! देवळाच्या उत्सवी नाटकात बाळकृष्ण झालेली तुमची पोर आता कॅमेऱ्यासमोर उभी राहणार, फार आनंद झाला. माझा मुलगा आठव्या वर्षी सेटवर गेला, तेव्हा मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

आधी कागद बघा. बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांप्रमाणे निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती दाखवायला सांगा, संकोच नको. त्याच नियमांतलं हेही लक्षात ठेवा:

- दिवसाला जास्तीत जास्त ५ तास काम, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांवर नाही.
- सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही.
- मानधनातले किमान २० टक्के तिच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत.

घरी संवाद घोकून घेऊ नका. ही चूक मी केली. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज कॅमेऱ्याला खोटा वाटतो, आणि पाठ केलेला सूर दिग्दर्शकाने सांगूनही सुटत नाही. गोष्ट समजावा, पुरे.

शाळा आणि मैत्रिणी मात्र सोडवू नका. बाराव्या-तेराव्या वर्षी उंची वाढते, चेहरा बदलतो, कामं थांबतात. माझ्या मुलाला वाटलं, आपलंच काही चुकलं. दोन वर्षं तो गप्प होता. म्हणून तिला आत्तापासूनच सांगत राहा की भूमिका वयाला मिळते, आणि वय पुढे सरकतं.

एजंट, मुंबईच्या ऑडिशन वगैरे नंतर बोलू. आधी हा एक सिनेमा तिला मजेत करू दे.